सोडतो आणि सोडा

१९३६ सालच्या मे महिन्यात, कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी असताना, माझ्या वडिलांनी अलिबाग येथील आमच्या घराच्या अंगणात आपल्याला ऐकू कमी येते असे सांगितले. वेळ दुपारच्या जेवणाआधीची होती. ऐकणारे चौघे होते: आमच्या मोटारीचा ड्रायव्हर, वडिलांच्या हाताखाली काम करणारे एक तरुण वकील, माझी आई आणि मी. सांगताना वडील मोटारीत ड्रायव्हरच्या जागी बसलेले होते आणि त्यांचा उजवा पाय ब्रेकच्या पेडलवर होता.

तोवर ही गोष्ट आईखेरीज कोणाला ठाऊक नव्हती.

वडील दिवाणी वकील होते. बांध, वाट, विहिरीचे पाणी, कुळाचा हक्क अशा दाव्यांवर त्यांचे घर चाले. पक्षकार आणि साक्षीदार बहुतेक तळा, रोहा, माणगाव या बाजूंचे, भातशेती करणारे. ही माणसे 'आहे'ला 'हाय' म्हणत आणि 'नाही'ला 'न्हाय'. पिंजऱ्यात उभा राहिलेला माणूस घाबरून पुटपुटतो तेव्हा या दोन शब्दांतला फरक जवळजवळ नाहीसा होतो. दाव्याचा निकाल मात्र अनेकदा त्याच फरकावर ठरतो.

वडिलांची उलटतपासणी आमच्या भागात नावाजलेली होती. साक्षीदाराने उत्तर दिले की ते लगेच पुढचा प्रश्न विचारत नसत. थांबत. त्याच्या तोंडाकडे रोखून पाहत आणि हळू आवाजात म्हणत, "नीट सांग. आहे, की नाही?" साक्षीदाराला वाटे, आपले काहीतरी पकडले गेले. काही जण तिथल्या तिथे उत्तर फिरवत. नवे वकील ही पद्धत उचलू पाहत. कोर्टाच्या आवारात तिची नक्कल होई. मी मुंबईला एका वर्तमानपत्रात नोकरीला लागलो तेव्हा कचेरीत मी स्वतः ती नक्कल करून दाखवली होती, आणि ऐकणाऱ्यांना ती आवडली होती.

ते थांबत, कारण पहिले उत्तर त्यांना कळलेले नसे.

हे मला नंतर आईने सांगितले. आवाज त्यांना येई, पण शब्दाचा शेवट येत नसे, आणि 'न्हाय'च्या सुरुवातीचा पुसट 'न'ही निसटे. मराठीत कोणी काय केले, केले की नाही, हे सगळे शब्दाच्या आणि वाक्याच्या शेवटी असते. 'पाहिला' इतके ऐकू आले आणि पुढचे 'नाही' निसटले, की साक्ष उलटी होते. घरात आई त्यांच्या डाव्या हाताला बसे. भेटायला आलेला माणूस काही म्हणाला की ती ते पुन्हा म्हणे, जणू स्वतःला पटवून घेत असावी: "म्हणजे परवा येणार नाही म्हणताय तर." लोक तिला जरा बोलघेवडी समजत. तिने तसे समजू दिले.

कोर्टात तिची सोय नव्हती. वडील लवकर जाऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळची खुर्ची धरत. सुट्टीनंतर तळ्याच्या बाजूच्या एका पक्षकाराचा दावा चालायचा होता. शेतातून जाणाऱ्या वाटेचे भांडण होते आणि समोरच्या बाजूचे साक्षीदार बरेच होते. त्याआधी जागा प्रत्यक्ष पाहायची म्हणून वडिलांनी तळ्याला जायचे ठरवले होते. मोटार त्यासाठी हवी होती, आणि मोटारीचे ब्रेक बिघडले होते.

मोटार जुनी, कापडी टपाची, मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली. तिला तेलाचे ब्रेक होते. आमच्याकडे तेव्हा फिरणाऱ्या बहुतेक मोटारींना सळईचे ब्रेक असत. पेडल दाबले की सळई ओढली जाई आणि चाक धरले जाई. आमच्या मोटारीत पेडल दाबले की बारीक नळ्यांतून तेल चारी चाकांकडे ढकलले जाई. ही गोष्ट पाहायला सुरुवातीला लोक येत. ड्रायव्हर त्यांना बॉनेट उघडून इंजिन दाखवी, कारण ब्रेकच्या नळ्या दाखवायच्या तर मोटारीखाली निजावे लागे.

अलिबागहून तळ्याला जाताना धरमतरची खाडी लागे. मोटार धक्क्याच्या उतारावरून खाली नेऊन पडावावर, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या सपाट होडीवर, चढवावी लागे. मागच्या खेपेस त्या उतारावर पेडल जमिनीला टेकले आणि मोटार थांबली नाही. ड्रायव्हरने हाताचा ब्रेक ओढला म्हणून पुढची चाके पाण्याच्या काठाशी राहिली. चाकांमधल्या रबरी वाट्या झिजल्या होत्या आणि तेल बाहेर झिरपत होते. नव्या वाट्या आणि तेलाचा डबा मी मुंबईहून रेवसच्या बोटीने घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरने चारी चाके काढून वाट्या बदलल्या. इथपर्यंत काही अडचण आली नाही.

वाट्या बदलल्या की नळ्यांत हवा शिरते. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पेडल मऊ लागते आणि मोटार थांबत नाही. म्हणून ती हवा काढावी लागते. या कामाला दोन माणसे लागतात. एक वर बसून पेडल दाबतो. दुसरा चाकाशी निजून एक लहान स्क्रू सैल करतो. तिथून तेल आणि तेलाबरोबर हवा बाहेर येते. स्क्रू पुन्हा आवळेपर्यंत वरच्या माणसाने पेडल दाबून धरायचे असते. त्याने आधीच पाय उचलला तर बाहेरची हवा त्याच भोकातून आत ओढली जाते आणि केलेले काम फुकट जाते. स्क्रूला रबरी नळी लावून तिचे टोक तेलात बुडवून ठेवले तर ही भीती राहत नाही. आमच्याकडची नळी चिरलेली होती. ड्रायव्हरने ती फेकली आणि स्क्रूखाली करवंटी धरली.

ड्रायव्हर तळ्याजवळच्या एका खेड्यातला. मोटार चालवणे तो पनवेलला शिकला होता. तोंडाने फार चालू, कामाला ठीक, आणि आपल्याला न येणारी गोष्टही येते असे सांगणारा. तेलाच्या ब्रेकची हवा काढताना त्याने पनवेलला एकदा पाहिले होते. त्याने स्वतः कधी काढली नव्हती.

पेडलवर वडील बसले. मी बसतो म्हणालो होतो. ते म्हणाले, "तू कालच्या बोटीनं दमून आलायस. ओट्यावर बस." खरे कारण, त्यांना त्या जागेवर बसायला आवडे. मोटार चालवायला ते शिकले नव्हते. मी ओट्यावर बसलो. माझ्या शेजारी तरुण वकील तळ्याच्या दाव्याचे कागद लावत होते. वडिलांनी ओळखीच्या घरातून त्यांना घेतले होते. पुढे सगळी वकिली त्यांच्याकडे जाईल असे लोक बोलत, पण त्याला अजून अवकाश आहे असेच सगळे धरून चालले होते.

ड्रायव्हर मागच्या चाकाशी पालथा झाला. त्याने सुरुवातीलाच क्रम सांगितला.

"मी दाबा म्हणंन, तवा दाबा. मंग मी सोडतो. मंग आवळतो. मंग सोडा म्हणंन, तवा सोडा. कळलं ना वकीलसाहेब?"

"कळलं," वडील म्हणाले.

"दाबा."

वडिलांनी दाबले.

"सोडतो."

तेल करवंटीत पडल्याचा आवाज आला.

"आवळला. सोडा."

असे किती वेळ चालले ते मी मोजले नाही. सावली पायरीवरून खाली उतरली इतके आठवते. मागचे एक चाक झाले, दुसरे झाले, पुढची दोन झाली. ड्रायव्हर बाहेर आला, त्याने वाकून हाताने पेडल दाबून पाहिले. ते जमिनीपर्यंत गेले.

"अजून हाय हवा," तो म्हणाला.

"लोण्यात पाय घातल्यासारखं लागतंय," वडील म्हणाले.

"निघंल. हवा हट्टी हाय."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. दुसऱ्या फेरीनंतरही पेडल तसेच होते. तिसऱ्या फेरीला ड्रायव्हरने मागची दोन्ही चाके पुन्हा उतरवली, वाट्या काढून पाहिल्या, उलट्या बसल्या नाहीत याची खात्री केली आणि परत बसवल्या. त्याचा सदरा तेलाने आणि मातीने माखला होता. डब्यातले तेल कमी होत चालले होते आणि दुसरा डबा मुंबईशिवाय मिळण्यासारखा नव्हता.

तरुण वकील ओट्यावरून म्हणाले, "अरे, तू ब्रेक दुरुस्त करतोयस की म्हैस पिळतोयस? मगापासून करवंटी धरून बसलायस."

"म्हैस असती तर बरं झालं असतं, धाकले वकील," ड्रायव्हर मोटारीखालून म्हणाला. "एवढ्यात चा झाला असता."

"पान्हा सोडत नाहीय ती. आंबोण घाल."

मी हसलो. वडील हसले नाहीत. मला वाटले, ते चिडले आहेत. त्यांना विनोद ऐकूच गेला नव्हता, पण आम्ही दोघे हसतो आहोत हे दिसले होते. कशाला हसलो हे न कळलेला माणूस जसा चेहरा करतो तसा त्यांचा चेहरा झाला. तो चेहरा मी त्याआधीही अनेकदा पाहिला होता आणि त्याला करारी समजत आलो होतो.

तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी पेडल दाबले. ते खाली गेले. वडील मोटारीतून उतरले.

"तुला सळईपलीकडे काही येत नाही," ते ड्रायव्हरला म्हणाले. "येत नाही तर तसं सांगायचं असतं. सकाळपासून माणसाला इथं बसवून ठेवलंयस. परवा धरमतरच्या उतारावर मला पक्षकारासकट पाण्यात घालशील. चावी घरात दे. मी पेणहून दुसरा माणूस बोलावतो."

ते मोठ्याने बोलले. अलीकडे ते मोठ्यानेच बोलत. आमची वाडी रस्त्याला लागून आहे आणि रस्त्यावर माणसे होती.

ड्रायव्हर उभा होता. त्याने हात सदऱ्याला पुसले. एरवी त्याच्याकडे काहीतरी उत्तर असे. त्या वेळी तो इतकेच म्हणाला, "माझाच हात कच्चा असंल, वकीलसाहेब." त्याची मान खाली होती. तरुण वकिलांनी कागदांकडे पाहायला सुरुवात केली. वडील विहिरीकडे हातपाय धुवायला गेले.

चावी मोटारीतच होती. ती काढायला ड्रायव्हर गेला आणि थांबला. माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊसाहेब, डब्यात एका फेरीपुरतं तेल हाय. पेणवाला येऊन ते सांडणारच. त्यापरीस मी सांडतो. बसता का?"

मी बसलो. त्याने पुन्हा क्रम सांगितला नाही. तो चाकाखाली गेला.

"दाबा."

मी दाबले.

"सोडतो."

माझ्या पायाखाली पेडल मऊपणे खाली गेले आणि जमिनीला टेकले. मी पाय तसाच ठेवला.

"आवळला. सोडा."

मी पाय उचलला.

दुसऱ्या चाकाच्या वेळी माझ्या लक्षात आले. ओट्यावरून मला सकाळभर वडिलांचा गुडघा दिसत होता. ड्रायव्हर 'सोडतो' म्हणाला की तो गुडघा वर येत होता. 'आवळला, सोडा' म्हटल्यावर तो पुन्हा थोडा हलत होता, पण तोवर पाय उचललेलाच असे. 'सोडतो' म्हणजे ड्रायव्हर स्क्रू सोडणार, 'सोडा' म्हणजे वडिलांनी पेडल सोडायचे. दोन्ही शब्दांची सुरुवात एकच. ज्याला शेवट ऐकू येत नाही त्याच्यापुरते ते दोन शब्द एकच होते. तीन फेऱ्यांत ड्रायव्हरने जेवढी हवा काढली तेवढीच वडिलांच्या पायाने परत आत घेतली होती.

चारी चाके होईपर्यंत आम्ही दोघांनी क्रमातल्या शब्दांपलीकडे एक शब्द उच्चारला नाही. शेवटच्या चाकानंतर पेडल अर्ध्यावर येऊन थांबले. मी जोर केला. ते हलले नाही.

ड्रायव्हरने वर येऊन हाताने दाबून पाहिले. "झालं की," तो म्हणाला. त्याला आनंद झालेला दिसला नाही. तो गोंधळला होता.

तरुण वकील ओट्यावरून उतरले. त्यांनीही हात घालून पेडल दाबले. "म्हणजे पायगुणच म्हणायचा," ते म्हणाले. "आमच्या वकीलसाहेबांचा पाय कोर्टात चांगला, मोटारीत नाही."

वडील विहिरीवरून येत होते. पंच्याने तोंड पुसत ते मोटारीपाशी आले. मी उतरलो. ते बसले आणि त्यांनी पेडल दाबले. पुन्हा दाबले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"काय केलंत?"

"मघाशी केलं तेच," ड्रायव्हर म्हणाला. "काय निराळं न्हाय केलं."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिले, मग पुन्हा माझ्याकडे. मी जवळ उभा होतो आणि माझे तोंड त्यांच्यासमोर होते, म्हणून त्यांनी मला विचारले असावे.

"तू पाय कधी उचललास?"

"सोडा म्हटल्यावर."

"आणि सोडतो म्हटल्यावर?"

"तेव्हा धरून ठेवला."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. ते स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ समोर पाहत राहिले. समोर सुपारीची झाडे होती. मग, चावी घरात दे हे शब्द जणू बोललेच गेले नव्हते अशा नेहमीच्या आवाजात, ते ड्रायव्हरला म्हणाले, "ठीक आहे. परवा पहाटे निघू. तू आहेस ना?"

ड्रायव्हर म्हणाला, "न्हाय."

"मग झालं तर," वडील म्हणाले. "तेल-पाणी बघून ठेव. पडाव भरतीच्या वेळी सुटतो, त्याआधी धक्क्यावर असलं पाहिजे."

ड्रायव्हरने तरुण वकिलांकडे पाहिले. तरुण वकिलांनी माझ्याकडे पाहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती; ती कधीपासून होती ते मला माहीत नाही. तिने पदर दोन्ही हातांत धरला होता.

"न्हाय म्हटलं, वकीलसाहेब," ड्रायव्हर म्हणाला. या वेळी तो मोठ्याने बोलला. "मी न्हाय येत."

वडिलांचा चेहरा लाल झाला. मी तो तसा होताना त्याआधी पाहिला नव्हता. राग आला तर ते पांढरे पडत.

"अहो, पानं वाढलीत," आई दारातून म्हणाली. "ऊन चढलंय. आधी जेवून घ्या, मग काय ते." ती त्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलली. तो बेत तिला नेमका माहीत होता.

"थांब," वडील म्हणाले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "का येत नाहीस?"

ड्रायव्हरचा आवाज एकदा चढला तो उतरला नाही. "तुमी मला ह्यांच्यासमोर बोललात," त्याने तरुण वकिलांकडे बोट केले, "रस्त्यावरच्यांनी ऐकलं. सांजपर्यंत स्टँडावर जाईल. ह्याला ब्रेक येत न्हाय, वकिलानं काढला. आता पेणवाला येणार न्हाय, कारण ब्रेक झाला. मंग माझं चुकलं काय? हात कच्चा असता तर आता कसा झाला? मला त्ये कळलं पायजे. चुकलं असंल तर सांगा, मी चावी देतो आन जातो. चुकलं नसंल तर तसं सांगा. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर सांगा."

तो जे विचारत होता ते त्याला खरोखरच माहीत नव्हते. हे मी खात्रीने लिहितो, कारण पुढे अनेकदा त्याच्याशी बोलणे झाले. आपण काहीतरी चुकीचे केले आणि ते नकळत सुधारले, इतकेच त्याला वाटत होते, आणि पुढच्या वेळी पुन्हा चुकू नये म्हणून त्याला ते हवे होते.

वडिलांना दोन गोष्टी करता येत होत्या. तुझेच चुकले म्हणायचे आणि त्याला जाऊ द्यायचे. तो ते मान्य करून गेला असता. किंवा खरे सांगायचे, आणि ते तरुण वकिलांनी ऐकायचे. तरुण वकिलांनी ऐकले म्हणजे कोर्टाने ऐकले.

तरुण वकील म्हणाले, "जाऊ दे रे. पुढं झालं ना काम? कशाला वाढवतोस?" ड्रायव्हर म्हणाला, "तुमी मधी नका पडू धाकले वकील, म्हैस तुमीच आणलीत."

"तुझं चुकलं नाही," वडील म्हणाले.

ड्रायव्हर वाट पाहत उभा राहिला.

"तू सोडतो म्हणालास. मी सोडा ऐकलं. प्रत्येक वेळी. मला शब्दाचा शेवट ऐकू येत नाही. आताही तू न्हाय म्हणालास, मी हाय ऐकलं."

हे ते तरुण वकिलांकडे पाहून बोलले. ड्रायव्हरकडे पाहून नाही.

ड्रायव्हरला काय करावे कळेना. त्याने आधी डोक्यावरची टोपी काढली, मग पुन्हा घातली. "मंग आधी सांगायचं व्हतं," तो म्हणाला. "मी वरडलो असतो."

वडील मोटारीतून उतरले, चपला घातल्या आणि घरात गेले.

त्या दिवशी तरुण वकिलांचेही पान वाढले होते. ते काम आहे असे सांगून न जेवता निघून गेले. कागद ओट्यावर राहिले होते. ते मी आत नेले. जेवताना वडिलांनी पानावरून नजर वर केली नाही. आई नेहमीप्रमाणे माझे एक वाक्य पुन्हा म्हणू लागली आणि अर्ध्यावर थांबली, कारण ती ते का म्हणते हे आता मला कळणार होते. आई मागाहून म्हणाली की लग्न होऊन घरात आल्यापासून तिने त्यांना इतके खाली मान घालून जेवताना पाहिले नव्हते. दुपारी ते झोपायच्या खोलीत गेले आणि दिवेलागणीपर्यंत बाहेर आले नाहीत. भेटायला एक पक्षकार आला होता. त्याला आईने परत पाठवले.

दोन दिवसांनी ते तळ्याला गेले. मी बरोबर होतो. तरुण वकील आले नाहीत. तब्येत बरी नसल्याचा निरोप आला. ड्रायव्हर वेळेवर आला होता.

तो वाटेत प्रत्येक वाक्य ओरडून बोलला. त्याचा हेतू चांगला होता. "वकीलसाहेब, पोयनाड आलं." "वकीलसाहेब, म्हशी हायेत, थांबतो." रस्त्यावरची माणसे वळून पाहत. वडील त्याच्या शेजारी पुढच्या बाकावर बसले होते. एकदा ते म्हणाले, "हळू बोललास तरी चालेल." तो म्हणाला, "न्हाय वकीलसाहेब, आता चूक न्हाय व्हायची." धरमतरला पडावासाठी वाट पाहणारी बरीच माणसे होती, त्यांत अलिबागची ओळखीचीही होती. ड्रायव्हर उतारावर मोटार थांबवून ओरडला, "ब्रेक धरलाय बघा, वकीलसाहेब. दगडावानी घट्ट." मोटार जिथे थांबवली तिथेच राहिली. ओळखीच्या एका गृहस्थांनी जवळ येऊन विचारले, हा एवढा का ओरडतो. वडिलांनी त्यांच्याकडे पाहिले आणि सांगितले, "मला ऐकू कमी येतं म्हणून." हे सांगताना त्यांनी उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले. गृहस्थ "असं होय" म्हणाले आणि दुसऱ्या विषयावर बोलू लागले. तेही ओरडून बोलू लागले.

शेतावर पक्षकाराने वाट दाखवली. ड्रायव्हरने त्याला आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे तोही बांधावर उभा राहून ओरडत होता आणि पलीकडच्या शेतातून समोरच्या बाजूची माणसे सगळे ऐकत होती. वडिलांनी त्याला थांबवले नाही. त्यांनी वाट पायांखाली घालून पाहिली, झाडे पाहिली आणि आम्ही परतलो.

सुट्टी संपायच्या आधी मी मुंबईला गेलो. यापुढचे मी पाहिलेले नाही. आई, ड्रायव्हर आणि तरुण वकील या तिघांनी वेगवेगळ्या वेळी मला जे सांगितले, त्यात जिथे मेळ बसत नाही ते मी सोडून देतो.

कोर्ट उघडण्याच्या आदल्या दिवशी वडील तरुण वकिलांच्या घरी गेले. याआधी ते तिथे कधी गेले नव्हते; तरुण वकीलच आमच्याकडे येत. तिथे काय बोलणे झाले हे दोघांपैकी कोणी सांगितले नाही. तरुण वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे ते थोडाच वेळ बसले आणि चहा घेतला नाही.

तळ्याच्या दाव्याच्या दिवशी कोर्टात बसायला जागा नव्हती. वडिलांची उलटतपासणी ऐकायला एरवीही गर्दी होई. त्या दिवशी लोक कशासाठी आले होते ते मी सांगू शकत नाही. समोरच्या बाजूचा पहिला साक्षीदार पिंजऱ्यात आला. वडील कोट घालून आले होते. पिंजऱ्याजवळच्या नेहमीच्या खुर्चीवर तरुण वकील बसले आणि त्यांच्या मागच्या बाकावर वडील बसले. उलटतपासणी तरुण वकिलांनी घेतली. ती दुपारपर्यंत चालली. वडिलांनी एकही प्रश्न विचारला नाही.